जमीने लेवानी

“डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले, म्हणून तुम्ही या खिडकीत बसता का?”

प्रज्ञाने विचारलं आणि विचारल्याबरोबर तिचे कान तापले. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. रस्त्यापलीकडच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेवखमणी खाता खाता तिच्या मैत्रिणीने, हेतलने, तो तिच्या तोंडात घालून दिला होता. सुरतमधल्या उधना भागातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यासमोरच त्यांचा ट्यूशन क्लास. दहावीचं वर्ष. पुढच्या महिन्याच्या शेवटी शाळेत पालकांची मीटिंग होती, आणि अकरावीला कोण काय घेणार ते त्याच दिवशी सांगायचं होतं. हेतल कॉमर्स घेणार हे ती सहावीत असल्यापासून ठरलेलं. प्रज्ञाकडे मात्र उत्तर नव्हतं, आणि आपल्याकडे उत्तर नाही हे तिला फार टोचत होतं. त्यावरून कोण काय शिकतंय असा विषय निघाला. हेतलचा मामेभाऊ फार्मसीला गेला होता, त्यावर ती म्हणाली, त्यात शिकायचं काय असतं, फळीवरून डबी काढायची आणि द्यायची. प्रज्ञा म्हणाली, असं कसं असेल? मग जा, विचार जाऊन त्या दवावाळ्या बेनला, आहे हिंमत?

मागच्या वर्षीची प्रज्ञा असती तर खमणीची डिश संपवून गुपचूप घरी गेली असती. ती वर्गात हजेरीसुद्धा हळू द्यायची. पण यंदा शाळेच्या कार्यक्रमात ऐनवेळी निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माइक हिच्या हातात कोंबला, आणि काय झालं कोण जाणे, हिची जीभ जी सुटली ती सुटलीच. तेव्हापासून मैत्रिणींचं सगळं विचारायचं काम तिच्याकडे. बसच्या कंडक्टरला, प्रिन्सिपलना, आणि आता खिडकीतल्या बेनला.

खिडकीतल्या बाईंच्या पांढऱ्या कोटावर बिल्ला होता, ‘योगिता, फार्मसी टेक्निशियन’. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात कात्री. रांगेतल्या माणसांनी प्रज्ञाकडे अशा नजरेनं बघितलं की तिला वाटलं, आता आपली वरात निघणार. पण योगिताबेनने आधी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. खांबाआड दोन दप्तरं आणि चार चपला दिसत होत्या.

“त्यांनी पाठवलं ना तुला?” योगिताबेनने गुजरातीत विचारलं. “मार्क कमी पडले, हे खरं. पण मी खिडकीत बसत नाही. खिडकीवाले गणेशभाई चहाला गेलेत म्हणून उभी आहे. माझी जागा ती.”

तिने कात्रीनेच दाखवलं. जिन्याखाली एक टेबल होतं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर गुजरातीत पाटी, ‘दवा समजो’, औषध समजून घ्या. प्रज्ञाने विचारलं, तिथे बसून तुम्ही काय करता? योगिताबेन म्हणाली, ते असं सांगून कळत नाही, त्याला पेशंट लागतो. एखादा असेल तर घेऊन ये.

पैज प्रज्ञा जिंकली. हेतलने खमणीसुद्धा खाऊ घातली. पण मघाशी जो प्रश्न उधारीचा होता तो आता तिचा स्वतःचा झाला होता. गोळ्या देऊन झाल्यावर त्या जिन्याखालच्या खुर्चीत बसून बोलायचं काय असतं?

आणि पेशंट तर शेजारच्याच खोलीत होता.

शेजारी गोपालकाका राहायचे, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत लूमवर कामाला. दसऱ्याला त्यांनी खान्देशातल्या साक्रीकडच्या गावाहून आपल्या आईला आणलं होतं. सगळी चाळ तिला सुंदरामाय म्हणायची. ठणठणीत बाई, पण इथे आल्यावर चक्कर आली म्हणून दाखवलं तर साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. मग पुन्हा तपासलं, साखर तशीच. गोपालकाकांनी घरी आल्यावर सांगितलं, पुढच्या तपासणीत नाही उतरली तर डॉक्टर बहुतेक रोजची सुई लावतील. तेव्हापासून सुंदरामायच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला सुईची भीती होती ती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. गावात ती एकटी राहायची. सुई टोचणार कोण, आणि ती औषधं थंड ठेवायला फ्रीज कुठला? म्हणजे सुई लागली की गाव सुटलं. मग जन्मभर या दहा बाय दहाच्या खोलीत, मुलाच्या शिफ्टा मोजत बसायचं.

तपासणीच्या दिवशी गोपालकाकांना सुट्टी मिळेना, काकू साडीच्या गोडाऊनमध्ये. प्रज्ञा आपण होऊन म्हणाली, मी नेते. तिची आई साडीवर टिकल्या चिकटवत होती, ती हातातली ट्यूब तशीच धरून बघत राहिली. बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितलं तरी जिचे पाय दुखतात, ती पोरगी दवाखान्याच्या रांगेत उभी राहायला निघाली होती.

क्लास त्यानंतरच असल्यामुळे हेतलही बरोबर आली, म्हणाली, टाइमपास.

डॉक्टर पंडितांनी रिपोर्ट पाहिला आणि ओठ दाबले. साखर वाढलीच होती. ते म्हणाले, आता इन्सुलिनचा विचार करावा लागेल. सुंदरामायला सगळं कळलं नाही, पण इन्सुलिन हा शब्द तिला आता माहीत होता. तिने प्रज्ञाचं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. डॉक्टरांनी कागद पुढे केला, पण लिहिलं काहीच नाही. “आधी योगिताबेनकडे जाऊन या,” ते म्हणाले. “ती सगळं विचारून घेईल. मग परत माझ्याकडे.”

जिन्याखाली योगिताबेनने प्रज्ञाला ओळखलं. “आणलास पेशंट?” एवढंच म्हणाली आणि कामाला लागली.

प्रज्ञा डोळे फाडून बघत होती. योगिताबेनने आधी सुंदरामायची पिशवी मागितली आणि सगळी टेबलावर रिकामी केली. साखरेच्या गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, गावाहून आणलेली बीपीची गोळी, कुणीतरी दिलेली काळपट भुकटी, आणि एका पुडीत अडकून आलेले चार शेंगदाणे. भुकटीचा वास घेतला, ती कुठून आली ते विचारलं, बाजूला ठेवली. रागावली नाही. पाणी कोणत्या भांड्याने पिता इथपासून विचारलं. प्रज्ञाला वाटलं, ही बाई औषधं बघतेय की घर बघतेय?

मग तिने साखरेचा पत्ता उचलला. आजीला म्हणावं तसं विचारलं, ही गोळी कशी घेता, बा?

सुंदरामाय ताठ बसली, शाळेत पाढे म्हणून दाखवावेत तशी. “जमीनी लेवानी,” ती म्हणाली.

योगिताबेनने मान डोलावली. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं. जमीने लेवानी, जेवून घ्यायची. तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि बाने शब्द जवळजवळ तसाच परत दिला होता. उत्तर बरोबर. पण गोळ्यांचा पत्ता बरोबर नव्हता. आतापर्यंत संपून दुसरा सुरू व्हायला हवा होता, आणि याच्यात तर अजून किती तरी गोळ्या शिल्लक. योगिताबेनने तो उलटा केला, सुलटा केला, औषध कधी नेलं ते कॉम्प्युटरवर पाहिलं. पुन्हा विचारलं, रोज घेता? सुंदरामाय हाव म्हणाली, म्हणजे हो. समजलं होतं ना, बा? हाव.

“बोलतात बरोबर,” योगिताबेन स्वतःशीच म्हणाली. “मग अडकलं कुठे?”

प्रज्ञाच्या डोक्यात तेव्हा काहीतरी हललं. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्रज्ञाच्या घरी अहिराणी बोलत. पण ती घरातल्या घरात. शाळेत, क्लासमध्ये, लारीवर ती इतकी फर्डी गुजराती बोलायची की नव्या मुलींना ती इथलीच वाटायची, आणि तिनेही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता. माइक हातात आल्यावर बाकी सगळी भीती गेली, ही तेवढी राहिली होती. हेतल समोरच खांबाला टेकून उभी होती. मागे रांग होती. आणि सुंदरामायला गुजरातीत विचारून उपयोग नव्हता, हे आता दिसतच होतं.

प्रज्ञाने खुर्ची पुढे ओढली.

“माय, जमीनी म्हंजे काय वं?”

“म्हंजे काय, म्हंजे?” सुंदरामायला तो प्रश्नच खुळा वाटला. “जमनं ते लेवानी, नही जमनं ते नही लेवानी. या बाईनीच सांगं ना. सकायमां पानी भरानं ऱ्हास, पोरंस्ना डबा ऱ्हास. जमनं त्या दिन लेस मी.”

प्रज्ञाला आधी हसूच आलं. मग अर्थ लागला.

म्हणजे बाईंनी सांगितलेलं प्रत्येक अक्षर मायने पाळलं होतं. जमलं तर घ्यायची, नाही जमलं तर नाही. लेवानी हा शब्द तर अहिराणीतही तोच! तो ओळखीचा वाटला म्हणून अख्खं वाक्यच ओळखीचं वाटलं. कानाला काहीच परकं लागलं नाही, मग विचारायचं कशाला? गुजराती मुळीच न कळणारी एखादी मद्रासी बाई असती तर तिने दहादा विचारून घेतलं असतं. ही नवी नवी खान्देशातून आलेली, हिला सगळं कळत होतं, तिथेच घोटाळा झाला.

प्रज्ञाने योगिताबेनला समजावून सांगितलं. योगिताबेन हसली नाही. “जमनं ते,” असं हळूच पुटपुटली आणि टेबलावरच्या पत्त्याकडे बघत बसली.

“हे वाक्य मी दिवसभर म्हणते,” ती म्हणाली. “दिवसभर.”

मग ती उठली आणि सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. प्रज्ञाही दाराशी जाऊन उभी राहिली. कुणी हटकलं नाही. योगिताबेन सांगत होती की औषध हरलेलं नाही, ते नीट पोटात गेलेलंच नाही. रोज दिलं तर काय होतं ते पाहून मग सुईचं ठरवावं का? डॉक्टरांनी विचारलं, घेतल्यावर मळमळ, जुलाब वगैरे? योगिताबेन थबकली. हे तिने विचारलंच नव्हतं. ती बाहेर येऊन प्रज्ञामार्फत विचारून गेली, उत्तर घेऊन परत आत. मायला तसा काही त्रास नव्हता. डॉक्टरांनी कागदावर तीच गोळी पुन्हा लिहिली, रोज जेवणानंतर, आणि पुढच्या महिन्यात तपासणी. चक्कर आली तर थांबायचं नाही, लगेच यायचं. सुईचं तेव्हा बघू.

“मग ठरवलं कोणी, तुम्ही की त्यांनी?” प्रज्ञाने बाहेर आल्या आल्या विचारलं.

“त्यांनी. कोणतं औषध, किती, ते त्यांचं. ते घरी गेल्यावर खरंच तोंडात जातं की नाही, हे माझं. पूर्वी हे कुणाचंच नव्हतं.” आणि मग लगेच, “बरं, तुमच्याकडे जेवून घ्या हे कसं म्हणतात? शिकव मला.”

प्रज्ञाने सांगितलं, जेवन व्हयनं का मंग लेवानी. योगिताबेनने ते असं म्हटलं की व्हयनंचं भलतंच काहीतरी झालं. सुंदरामाय, जी सकाळपासून रडायच्या बेतात होती, ती तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि म्हणाली, हिले पयले बोलानं शिकाडा, मंग माले गोयी द्या. योगिताबेनने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. रांगेतला एक चलथाणच्या साखर कारखान्यातला माणूस मध्येच म्हणाला, बेन, आमची बी परीक्षा घ्या, आम्ही बारा वर्षं सुरतेत आहोत, आम्हाला जमीने म्हणजे जेवून हे पक्कं ठाऊक आहे. त्यावर सगळी रांग हसली.

रस्त्यावर आल्यावर हेतलने विचारलंच. “ए, मघाशी तू कुठली भाषा बोललीस?”

“घरची.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“विचारलंस कधी?” प्रज्ञा म्हणाली, आणि तिचं तिलाच वाटलं, एवढ्याशा उत्तरासाठी आपण इतकी वर्षं घालवली. मग हेतलने व्हयनं म्हणून पाहिलं, आणि योगिताबेनपेक्षा बरं म्हटलं.

त्यानंतर प्रज्ञा क्लास सुटला की जिन्याखाली जाऊन बसू लागली. पेशंट असला की लांब, पेशंट उठला की खुर्चीत. कामाची शिस्त बेनने तिला पहिल्याच दिवशी सांगितली होती: इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, पेशंटचं नाव घरीसुद्धा काढायचं नाही. तिचे प्रश्न मात्र संपत नसत. काही गोळ्यांना मधोमध रेघ असते आणि काहींना नसते, ती कशाला? रेघ नसलेली मोडली तर काय होतं? दोन औषधं एकमेकांशी भांडतात म्हणजे नेमकं कुठे भांडतात, पोटात की रक्तात? योगिताबेनला काही येत असे. काही येत नसे. तेव्हा ती साधं म्हणायची, माहीत नाही, बघून सांगते. आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघून सांगायची. प्रज्ञाला हे फार आवडलं. आजवर तिने पाहिलेली मोठी माणसं, उत्तर आलं नाही की आवाज वाढवायची.

हळूहळू बेनची स्वतःची गोष्टही कळली. ती इथे लागली तेव्हा रघुनाथकाका नावाचे म्हातारे कंपाउंडर होते, ते बाटलीत मिक्स्चर ढवळून द्यायचे आणि बाटलीवर कागदाची कापलेली पट्टी चिकटवायचे. ते गेले, मिक्स्चर गेलं, खिडकी आली. मग कॉम्प्युटर आला. बेनचा बारावी सायन्सनंतरचा दोन वर्षांचा डिप्लोमा होता, पण तो बराचसा डबीवरची नावं ओळखण्यातच खर्ची पडत होता. मागच्या वर्षी दवाखान्याने पेशंटशी बोलायचं, औषधं ताडून पाहायचं प्रशिक्षण ठेवलं. बेन नोकरी सांभाळून तिथे गेली. मूत्रपिंड कमजोर असेल तर कोणतं औषध किती कमी करायचं, या भागात चक्क नापास झाली, पुन्हा बसली. आता म्हणे वॉर्डात फिरून घरी सुटणाऱ्या पेशंटची औषधं तपासायचं कामही तिच्याकडे येणार होतं. तिला ते हवंही होतं आणि त्याची धास्तीही होती.

जमीनेचा किस्सा तर बेनच्या डोक्यातून जातच नव्हता. आपण आणखी कुणाकुणाला असं पाठवलं असेल? खान्देशातून नवं आलेलं कुणी दिसलं की ती आता प्रज्ञाने शिकवलेलं वाक्य म्हणायची आणि मग सांगायची, आता तुम्ही मला समजावून सांगा. त्यातून भलतंच बाहेर यायचं. डाइंग मिलमध्ये रात्रपाळी करणारा एक कामगार ‘रात्रीची गोळी’ सकाळी घ्यायचा. का, तर तो झोपतो सकाळी, म्हणजे त्याची रात्र तीच. यात तो चुकला का? बेनलाही पटकन सांगता येईना. ती डॉक्टरांना विचारायला गेली. प्रज्ञा त्या संध्याकाळी घरी जाताना पूर्ण रस्ताभर विचार करत होती. एक गोळी, एक घोट पाणी, आणि त्यांच्यामध्ये केवढं जग. भाषा, शिफ्ट, नळाला पाणी कधी येतं ते, सून कामाला जाते की नाही ते. आणि यातलं काहीच पत्त्यावर छापलेलं नसतं.

महिन्याने सुंदरामायची साखर तपासली. या वेळी गोपालकाकाही अर्धी शिफ्ट टाकून आले होते. अगदी हवी तितकी खाली नव्हती आली, पण चांगली उतरली होती. डॉक्टर म्हणाले, सुई तूर्तास नाही. असंच चालू ठेवा, मग गावालाही जा, पण गोळ्या बरोबर घेऊन जा आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवत राहा. सुंदरामायने डॉक्टरांना हात जोडले, मग जिन्याखाली जाऊन योगिताबेनच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि आपण कोणत्या गाडीने जाणार ते सगळ्या रांगेला सांगितलं.

घरी आल्यावर प्रज्ञाला काही केल्या एका जागी बसवेना. मीटिंग दुसऱ्या दिवशी होती. पप्पा, म्हणजे प्रमोद, मिलमधून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. त्यांच्या मनात सगळं ठरलेलं होतं. त्यांनी मिलच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता: कॉमर्स कर, कॉम्प्युटर शीक, आणि एसीत बसून हिशेब बघ, माझ्यासारखं उकळत्या रंगापाशी उभं राहायला नको. त्यात वाईट काहीच नव्हतं. ते तिच्यासाठी जे मागत होते ते त्यांना स्वतःला कधी मिळालं नव्हतं, आणि म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं.

तिने सुरुवात केली ती दवाखान्यापासून. कुणाचं नाव न घेता, रात्रपाळीवाल्याचं, रेघेच्या गोळीचं, बेनच्या नापास होण्याचं. आई टिकल्यांचा डबा बाजूला ठेवून ऐकू लागली. पप्पा म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण शेवटी मेडिकलचं दुकान ना ते? दुकान कोण टाकून देणार आपल्याला?

प्रज्ञा म्हणाली, दुकान नाही. मला त्या जिन्याखाली बसायचंय. पप्पांनी आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले, पण तिच्या चेहऱ्यावर नाही नव्हतं.

“जिन्याखाली बसायला शिकायचं?” पप्पा म्हणाले. “लोक तर शिकून वरच्या मजल्यावर जातात, पोरी.”

“जाईन की वरपण. बेनना आता वॉर्ड मिळतोय. मी पुढे डिग्रीपण करेन, जमेल तसं नाही, नेमाने. पण आधी ते टेबल.”

“आणि सायन्सचा अभ्यास झेपेल तुला?”

तिने ताटातला हात थांबवला. याचं खरं उत्तर द्यायचं तिने रस्त्यातच ठरवून ठेवलं होतं.

“मला केमिस्ट्रीची भीती वाटते, पप्पा. फार वाटते. तरी उद्या मीटिंगला तुम्ही दोघं या, कारण बाईंनी विचारलं की मी सांगणार आहे, मी सायन्स घेतेय. बी ग्रुप, बायोलॉजीवाला. आणि बारावीनंतर फार्मसी.”